लीड कधी करणार गं?

परवा रविवारी सकाळी बहिणीकडे मिसळ खायला गेले तर तिथे कोर्ट भरलेलं. आरोपी माझी भाची, वय वर्षं १९, गुन्हा काय तर राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात तिला रोल मिळालाय आणि तो रोल शेजारणीचा आहे. दोन अंकी नाटक, त्यात हिच्या एन्ट्र्या दोन, एकदा साखरेची वाटी मागायला आणि एकदा ती वाटी परत द्यायला. बास. बहीण म्हणतेय एवढ्यासाठी रोज रात्री साडेदहापर्यंत तालमीला कशाला मरायचं, भावजी पेपरच्या मागून विचारतायत परीक्षा कधीय, आणि आमच्या आईने पाव तोडता तोडता तो प्रश्न टाकला जो याच घरात वीस वर्षांपूर्वी मलाही विचारला गेला होता, "मग लीड कधी करणार गं?"

मी म्हटलं थांबा, मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगते, वेल्सची आहे, एमी-फिऑन एडवर्ड्स नाव तिचं. आई म्हणाली कोण ही, आणि बहीण म्हणाली तर्री वाढू का अजून. झालं. तिथे कुणी ऐकून घेतलं नाही म्हणून इथे लिहितेय, लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

तर तुमच्यापैकी ज्यांनी 'पीकी ब्लाइंडर्स' ही शेल्बी घराण्याच्या टोळीची ब्रिटिश सिरीयल बघितलीय त्यांनी हिला बघितलेलं आहे, फक्त नाव माहीत नसणार. एस्मे. जॉन शेल्बीची बायको. दोन घराण्यांचं वैर मिटावं म्हणून जिचं लग्न लावून देतात ती ली घराण्यातली मुलगी, पहिल्याच सीझनमध्ये येते, २०१३ ची गोष्ट. मी लॉकडाऊनमध्ये बघत होते, सगळे हिरो टॉमी शेल्बीचे डोळे आणि कोट बघत होते आणि मी मात्र फॅमिली मीटिंगच्या सीनमध्ये मागे उभ्या असलेल्या या बाईकडे बघत बसायचे, कारण ती काही बोलत नसली तरी तिला तिथल्या प्रत्येकाबद्दल काहीतरी म्हणायचंय असं सारखं वाटायचं. आणि दुसरं म्हणजे हिला आपण आधी कुठेतरी बघितलंय. कुठे ते आठवेना. असं झालं की मला झोप लागत नाही, रात्री दीड वाजता मोबाईलवर शोधत बसले, नवरा म्हणाला कुणाचं काय झालंय.

ही न्यूपोर्टची. दक्षिण वेल्समधलं बंदराचं गाव, जन्म १९८७ चा, शाळा वेल्श माध्यमाची. नावातला तो 'फिऑन' लिहिताना दोन एफ लावतात, कारण वेल्शमध्ये एकच एफ असेल तर त्याचा उच्चार 'व' होतो आणि 'फ' हवा असेल तर दोन लावायचे. फिऑन हे एका फुलाचं नाव आहे. ही माहिती तुम्हाला कधी उपयोगी पडणार नाही, मला आवडली म्हणून सांगितली.

माध्यमाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. मी स्वतः मराठी माध्यमाची, आणि ऑडिशन म्हटलं की हिंदी-इंग्लिश येतं का हा प्रश्न आधी येतो हे माहीत असलेली. पण आपल्याकडे मराठी बोलणारे निदान कोटींनी आहेत. अख्ख्या वेल्सची लोकसंख्या ३१ लाख, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या निम्मी (आपली २०११ लाच ६१ लाख होती). त्यात २०२१ च्या जनगणनेप्रमाणे वेल्श बोलता येणारे ५ लाख ३८ हजार. नाशिक शहरात याच्या दुपटीपेक्षा जास्त माणसं राहतात! आणि एवढ्याशा लोकांनी स्वतःच्या भाषेचा टीव्ही चॅनल भांडून घेतलाय. सरकार दिलेला शब्द फिरवायला लागलं तेव्हा १९८० साली ग्विनफोर एव्हन्स नावाच्या नेत्याने जाहीर केलं की मी आमरण उपोषणाला बसतो, सरकार वाकलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी चालू झालं. उपोषणाच्या नुसत्या धमकीवर चॅनल. आपल्याला उपोषण कळतं, पण चॅनलसाठी जाहीर केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बरं तिथे नुसतं चॅनल नाही, शाळकरी मुलांच्या गाण्याच्या, कवितेच्या, नाटकाच्या स्पर्धा असतात वेल्शमधून, आइस्टेडव्हॉड म्हणतात, गावातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून वर. आपल्या बालनाट्य स्पर्धेसारखंच, फक्त अख्खा देश त्यात गुंतलेला. आणि २०१३ ला त्यांनी एक डिटेक्टिव्ह सिरीयल केली अॅबरिस्टविथ गावात, 'अ ग्विल' नावाची, इंग्लिशमध्ये 'हिंटरलँड', तिचा सीन आधी एका भाषेत आणि मग तोच सीन दुसऱ्या भाषेत असं शूट करायचे. तोच खून, तीच थंडी, तेच नट, भाषा दोन. मी हे आमच्या ग्रुपमधल्या एका दादांना सांगितलं तर ते म्हणाले आपल्याला एका भाषेत पाठांतर होईना.

विषयावर येते.

एमी-फिऑनला पहिल्यांदा लोकांनी ओळखलं ते 'स्किन्स' मध्ये. ब्रिस्टलमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची सिरीयल, २००८ चा दुसरा सीझन. ब्रिस्टल न्यूपोर्टपासून काय, सेव्हर्न नदी ओलांडली की आलंच, आपलं नाशिक-इगतपुरी धरा. तिच्या रोलचं नाव स्केच. आजारी आईला घरी एकटी सांभाळणारी मुलगी, समोर राहणाऱ्या मॅक्सी नावाच्या मुलाच्या मागे वेडी झालेली, आणि तो मुलगा गे आहे, म्हणजे काही होणारच नाहीये, तरी ही त्याचे फोटो काढत लपून बघत बसते. मग कॉलेजचं म्युझिकल ठरतं, मॅक्सी हिरो, हिरोईन दुसरीच मुलगी. तर ही बया त्या हिरोईनला आजारी पाडते आणि स्वतः स्टेजवर जाते!!

आता इथे मला थोडं माझं सांगावं लागेल. मी कॉलेजला असताना तीन वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत खुर्ची टाकून, वही मांडीवर, छोटी बॅटरी. मला सगळ्यांचं सगळं पाठ. लीड करणाऱ्या मुलीचं तर श्वास कुठे घेते तेही पाठ. आमचा ग्रुप कुठला, नाटक कुठलं ते राहू द्या, पण एका वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिला ताप आला आणि दिग्दर्शक म्हणाले तयार राहा. मी रात्रभर जागी. सकाळी ती आली, क्रोसिन घेऊन, शाल गुंडाळून, आणि अख्खा प्रयोग धाडकन करून गेली, वर बक्षीस पण घेतलं. तिच्या तापासाठी मी त्या रात्री देवाला नेमकं काय म्हटलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. पण स्केच बघताना मला ती व्हिलन अजिबात वाटली नाही. म्हणजे चुकीचंच वागते ती, एका शिक्षकावर खोटा आरोप पण करते, भयंकर आहे. पण एडवर्ड्सने ते असं केलंय की राग येता येता पोटात कालवतं. विसाव्या वर्षी केलाय हा रोल तिने.

आता एवढ्या गाजलेल्या सिरीयलनंतर आपल्याकडे काय झालं असतं. स्केचच लीड अशी वेगळी मालिका, नाहीतर पुढच्या सहा रोलमध्ये हीच वेडी मुलगी. तिने काय केलं तर २००९ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नाटक केलं. जेझ बटरवर्थचं 'जेरुसलेम'. तीन अंकी, तीन तासांच्या वर चालणारं, आणि त्यात मार्क रायलन्स. रायलन्सने यात जंगलात ट्रेलर टाकून राहणारा, दारू पिणारा, पोरांना गोळा करून थापा मारणारा माणूस केलाय आणि त्यासाठी त्याला नाटकासाठीची मोठी बक्षिसं, लंडनचं ऑलिव्हिए आणि न्यूयॉर्कचं टोनी, दोन्ही मिळाली. सगळं नाटक त्याच्या खांद्यावर. मग एमी-फिऑन काय करते?

नाटक सुरू होतं तेव्हा स्टेजवर फक्त ती असते. मी हे नाटक बघितलेलं नाही, नाशिकमध्ये बसून कुठून बघणार, पण स्क्रिप्ट मागवून वाचलंय आणि ही सुरुवात वाचून अंगावर काटा आला. मागे पडदा, त्यावर इंग्लंडचा लाल क्रॉस, समोर परीचे पंख लावलेली पंधरा वर्षांची मुलगी, आणि ती गाते. गाणं कुठलं तर 'जेरुसलेम', कवी ब्लेकची कविता, पॅरी नावाच्या संगीतकाराने १९१६ ला चाल लावलेली, इंग्लंडचं जवळजवळ राष्ट्रगीतच म्हणतात त्याला. म्हणजे वेल्श माध्यमाच्या शाळेतली पोरगी इंग्लंडच्या झेंड्यासमोर उभी राहून इंग्लंडचं गाणं म्हणतेय, हे ठरवून केलं का योगायोग काय माहीत, मला मात्र लई आवडलं. आणि गाणं रंगात येतंय तोवर मागून धाडधाड डीजे सुरू होतो नि ती पळते. आपल्या नांदीच्या मध्येच कुणी गणपती मिरवणुकीचा बेस लावला तर कसं होईल तसं.

आणि मग ती गायब. रोलच तसा आहे, फेड्रा, गेल्या वर्षीची मे-क्वीन म्हणजे गावच्या जत्रेतली राणी, घरातून पळालेली, तिचा सावत्र बाप तिला शोधत फिरतोय. नाटकभर लोक तिच्याबद्दल बोलतात आणि ती फार थोडी दिसते. शेवटच्या अंकात येते आणि त्या ट्रेलरवाल्याला म्हणते माझ्याबरोबर नाच. तेवढंच. पण बघणाऱ्याच्या डोक्यात ती पहिल्या मिनिटापासून बसलेली असते, त्यामुळे ती स्टेजवर नसते तेव्हासुद्धा असतेच. आता सांगा, हा रोल छोटा म्हणायचा का मोठा? मिनिटं मोजली तर छोटा. आमच्या आईच्या हिशोबाने तर हा रोलच नाही.

हे नाटक रॉयल कोर्टवरून २०१० ला लंडनच्या वेस्ट एंडला गेलं, २०११ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला, ती त्या सगळ्या प्रवासात बरोबर. तेच गाणं, तेच पंख, रात्रीमागून रात्र, दुपारचे प्रयोग वेगळे. ज्यांनी दौरे केलेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय. पन्नासाव्या प्रयोगाला टाळी कुठे येणार हे पाठ झालेलं असतं आणि मग टाळीसाठी थांबायची सवय लागते आणि तिथेच माणूस संपतो, असं आमचे सर म्हणायचे.

आणि आता खरी गंमत, जी मला रविवारी सांगायची होती. त्याच नाटकात रायलन्सच्या चमच्याचा, जिंजरचा रोल करत होता मॅकेन्झी क्रुक. हा माणूस नंतर स्वतः एक सिरीयल लिहितो आणि डायरेक्टही करतो, 'डिटेक्टरिस्ट्स', २०१४, बीबीसी फोरवर. मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जुनी नाणी शोधत फिरणारे दोन मित्र, यात कुणी कुणाला मारत नाही, कुणी ओरडत नाही, ती दोघं शेतात फिरतात, बाटल्यांची झाकणं सापडतात, संध्याकाळी पबमध्ये बसतात. इतकी सुंदर सिरीयल मी फार कमी बघितलीय. त्यात त्यांच्या क्लबात सोफी नावाची इतिहासाची विद्यार्थिनी येते. ती कोण? आपली एमी-फिऑन. पुढच्या वर्षी त्या सिरीयलला कॉमेडीचं बाफ्टा अवॉर्ड मिळालं.

मग २०१५ ला बीबीसीने 'वुल्फ हॉल' केलं, आठव्या हेन्रीच्या दरबारातलं राजकारण, लीड कोण, तर मार्क रायलन्स. आणि त्यात एलिझाबेथ बार्टन, राजाच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध भविष्यवाणी करणारी आणि त्यापायी १५३४ ला फासावर गेलेली जोगीण, तो रोल कुणी केला? बरोबर. आणि 'डिटेक्टरिस्ट्स' मधला दुसरा मित्र म्हणजे टोबी जोन्स, तो २०२५ च्या 'मिस्टर बर्टन' सिनेमात शिक्षक झालाय आणि ही त्यातही आहे. एकाच ट्रेलरभोवती तीन तास उभं राहिलेली माणसं, आणि त्यातून पुढची पंधरा वर्षं. मी तर कागदावर बाण काढून बघितले, आमच्या घराण्याच्या वंशावळीपेक्षा बरं चित्र झालं.

ओळखीने काम मिळालं असं म्हणणारे म्हणतील, म्हणा. पण रोज रात्री तुमच्या शेजारी उभा राहून जो तुम्हाला बघतो ना, की ही वेळेवर येते का, दुसऱ्याच्या वाक्यात खोकते का, कंटाळा आल्यावर कशी वागते, त्याच्यापेक्षा मोठं ऑडिशन कुठलं. आमच्याकडेही तसंच चालतं खरं तर. स्पर्धेच्या नाटकात चहाचे कप उचलणारा मुलगा सरांना आवडला म्हणून पुढच्या वर्षी त्याला घेतला, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

बाकी रोल पटापट सांगते. २०११ ला 'लूथर' च्या दुसऱ्या सीझनमध्ये जेनी, इड्रिस एल्बा जिला वाचवायला धडपडतो ती वाट चुकलेली मुलगी. २०१८ ला 'ट्रॉय' मध्ये कॅसांड्रा, जी पुढचं सगळं खरं सांगते आणि जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही (म्हणजे बार्टननंतर परत भविष्य सांगणारी! कुणाला तरी तिच्या डोळ्यात काहीतरी दिसत असणार). पीकीमध्ये मधला बराच काळ नाही, पण २०२२ च्या शेवटच्या सीझनला एस्मे परत येते आणि टॉमीसमोर अशी उभी राहते की अरे, ही इतकी वर्षं कुठे होती असं वाटतं.

आणि आता 'स्लो हॉर्सेस'. दुसऱ्या सीझनपासून, २०२२. नालायक ठरवून अडगळीच्या ऑफिसात टाकलेल्या गुप्तहेरांची गोष्ट, गॅरी ओल्डमन त्यांचा बॉस, मळकट मोजे नि घाणेरडी जीभ. ही त्यात शर्ली डँडर. डोक्याने तापट, कोकेनचं व्यसन, हाणामारीत पुढे. मी ती सिरीयल भाचीला दाखवली होती, तर ती म्हणाली मावशी ही तीच डिटेक्टरवाली? हो म्हटलं तर विश्वासच बसेना, गुगल करून बघितलं तिने. सोफी शेतातल्या वाऱ्यासारखी आणि शर्ली म्हणजे सीबीएस बसस्टँडला पार्किंगवरून भांडणारी. तेच नाक-डोळे, पण चालणं सुद्धा वेगळं.

'मिस्टर बर्टन' बद्दल थोडं, कारण ते मला फार जवळचं वाटलं. रिचर्ड बर्टन, तो प्रचंड आवाजाचा नट, मूळचा रिचर्ड जेन्किन्स, खाणकामगाराच्या तेरा पोरांमधला बारावा, घरची भाषा वेल्श. आई लहानपणीच गेली तेव्हा मोठी बहीण सिस हिने त्याला पोर्ट टॅल्बटला आपल्या घरी नेऊन वाढवलं. मग शाळेतल्या बर्टन सरांनी त्याला घडवला आणि त्याने सरांचंच आडनाव लावलं. सिनेमा सरांचा आणि पोराचा आहे. एमी-फिऑन त्यात सिस आहे. म्हणजे परत तेच, नाव दुसऱ्याचं होणार आणि ही स्वयंपाकघरात. पण ज्या घरात अशी ताई असते त्या घराला विचारा. मला तर आमच्या मोठ्या मावशीची आठवण आली, तिने आईला शिकवलं, स्वतः सातवी.

मी असं अजिबात म्हणत नाहीये की लीड वाईट. आपल्या नाशिकचीच सायली संजीव, २०१६ ला 'काहे दिया परदेस' मधून थेट घराघरात गेली, आमच्या आईला तिचा केवढा अभिमान, जणू हिनेच शिकवलंय. पण आपल्या डेली सोपची लीड म्हणजे बारा-तेरा तासांची शिफ्ट, आठवड्याला सहा एपिसोड, दोन-दोन वर्षं तेच घर, तोच जिना. तिकडे 'स्लो हॉर्सेस' चा सीझन सहा भागांचा, पीकीचाही सहाच. ते शूट संपलं की माणूस मोकळा, नाटक करा, दुसरं काही करा. म्हणून तिकडे चौथ्या-पाचव्या नंबरच्या नावालाही एक करिअर होतं. आपल्याकडे तसं करायचं म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, मासिक पासवाल्यांच्या मध्ये कोंबून उभं राहायचं, अंधेरीत ऑडिशनला नंबर लावायचा, चार तासांनी दोन वाक्यं म्हणायची आणि परत रात्री नाशिकरोड. मी हे दोन वर्षं केलं. नंतर बँकेची परीक्षा दिली, पास झाले, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या पगाराच्या दिवशी बरं वाटलं. कुसुमाग्रज-कानेटकरांचं गाव वगैरे भाषण आपल्याकडे सगळे करतात, मी करत नाही, गावात नाट्यगृह असणं आणि गावात राहून नटी होता येणं यात दोनशे किलोमीटरचं अंतर आहे.

तेव्हा भाचीचं काय होईल मला माहीत नाही. आता निदान ऑडिशन मोबाईलवर शूट करून पाठवता येतं, ट्रेनचे पैसे वाचतात. बहिणीला मी एवढंच म्हटलं की तालमीला जाऊ दे, साडेदहाला मी आणून सोडेन, मला तसंही बँकेतून आल्यावर सायखेडकर नाट्यगृहाला चक्कर मारायला कारण हवंच असतं. ती म्हणाली तू तिला बिघडवणार आहेस. आई म्हणाली हिला स्वतःला जमलं नाही म्हणून. आई अशीच आहे, खरं ते मिसळीबरोबर वाढते.

हे लिहीत बसले होते तर आत्ता, रात्री पावणेबाराला, भाचीचा मेसेज आला. "मावशी झोपलीस का. एक प्रॉब्लेम आहे. दुसऱ्या एन्ट्रीत मी वाटी परत देते, त्यानंतर त्या दोघींचं भांडण होतं आणि मी तशीच उभी असते. सर म्हणाले मरू देऊ नकोस. पण वाटी दिल्यावर मी हातांचं काय करू?"

मी बराच वेळ विचार केला. ट्रेलर आठवला, ते पंख, पीकीतली ती मागची जागा.

मग टाईप केलं, वाटी लगेच देऊच नकोस.